भैरूमामांचा जपानी राक्षस

आमच्या शाळेच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या भैरूमामांच्या कमरेला असत, आणि बंद खोलीत पाच मिनिटं बसायचं म्हटलं की त्याच भैरूमामांना घाम फुटे.

संध्याकाळी शाळा सुटली की ते एकेक वर्ग बंद करत येत. कडी घालण्याआधी दारात उभं राहून आत हाक मारत, "कोण हाय का आत?" आत बाकांशिवाय काही नाही हे दिसत असे, तरी थांबत. मग पुन्हा, "हाय का कोण?" आणि त्यानंतरच कुलूप. मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, "मामा, सगळे गेलेत की. घंटा होऊन अर्धा तास झाला."

"व्हय बाई," ते म्हणाले. "पर एखादा आत ऱ्हायला, तर त्येला वाटाय नको, कुणी इचारलंबी न्हाई."

मी मराठीची शिक्षिका म्हणून त्या शाळेत लागले ते सत्तर सालाच्या आसपास. शाळा रंकाळ्याच्या बाजूला होती. भैरू कांबळे तिथले शिपाई. पन्नाशीचे असतील. उंच, वाळलेले, खाकी सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून बोलणाऱ्याकडे उजवा खांदा पुढे करून उभे राहत. अनोळखी माणसाला वाटायचं, हा गडी भांडायला आलाय. मुलं, मास्तर, पालक, सगळे त्यांना मामाच म्हणत.

मामा डबा खायला कधी खोलीत बसले नाहीत. मागच्या अंगणात निंबाखाली, भिंतीला पाठ लावून बसायचे. भाकरीचा शेवटचा कण ओल्या बोटानं टिपायचे. भात मात्र खात नसत. संमेलनाला मसालेभाताचं पातेलं ते स्वतः उतरवत, पंगतीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढत, आणि आपण चपाती घेऊन निंबाखाली जात. कारण विचारलं की म्हणत, "सोसत न्हाई."

आणि ते जपानीत मोजत. चहाचे कप असोत, खडूच्या पेट्या असोत, सहलीच्या गाडीत चढणारी मुलं असोत. "इची, नी, सान, शी, गो..." दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांच्या कैदेत होते, एवढं शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडे कोणी विचारत नसे, आणि विचारलं तर मामा किल्ल्या वाजवत निघून जात.

एखादे मास्तर रजेवर असले की हेडसर मामांना वर्गावर पाठवत. काम एवढंच, की मुलांनी दंगा करू नये. मामा दार सताड उघडं टाकत, उंबऱ्याजवळ स्टूल घेऊन बसत आणि गोष्ट सांगत. त्या तासाला शेजारच्या वर्गातून कवितेचा आवाज यावा आणि इथून नुसता मामांचा. मी मोकळी असले की व्हरांड्यात वह्या तपासायच्या निमित्तानं उभी राहत असे.

त्यांच्या गोष्टी आपल्यासारख्या नसत. त्यांत राक्षस असायचा, पण शेवटी मरायचाच असं नाही.

"आपल्या गोष्टीत राक्षस येगळा, मानूस येगळा," मामा मुलांना सांगत. "देव येतोय, राक्षसाला मारतोय, आपुन टाळ्या वाजवून घरला जातोय. जपान्याचं तसं न्हाई. त्येच्या राक्षसाला आई असतीया, भूक असतीया. त्यो रडतोयबी. तितं काही देवळांच्या दारात अक्राळविक्राळ तोंडाचं राखणदार बसवल्यात म्हणं. ह्येला मारलं तर दुसरा हुभा ऱ्हातोय. म्हणून त्येलाच राखणीला बसवायचा."

एक गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा मागत. मीही ती चार-पाच वेळा ऐकली.

"डोंगरावर एक राक्षस व्हता. दर थंडीला खाली उतरायचा, गावातला एक मानूस उचलून न्यायचा. गावात एक कोळसं पाडणारा गडी ऱ्हायचा. एका थंडीत त्येची बायकू गेली. गडी म्हणाला, आता बास. कोयता घेतला आन चढला डोंगर. गुडघ्याएवढा बर्फ. वर जाऊन बगतोय तर एक झोपडी. आत म्हातारा. निसती हाडं ऱ्हायल्याली, आन थंडीनं कुडकुडतोय. गड्यानं कोयता ठेवला बाजूला. जाळ केला, पेज केली, म्हाताऱ्याला चाराय लागला. चारता चारता इचारलं, बाबा, हितं राक्षस ऱ्हातोय त्यो कुठं गेलाय? म्हातारा म्हणाला, हितंच ऱ्हातोय. आता भाईर गेलाय. माझं पोट भरलं की येतोय."

मग कोणीतरी म्हणे, "मग?"

"मग काय?"

"मग त्यानं पेज चारली का कोयता घेतला?"

"ते मला सांगिटलं न्हाई," मामा म्हणत. "गोष्ट तितंच थांबली."

की मग वर्गात भांडण पेटे. मारलाच असणार, एक बाजू ओरडे. म्हाताऱ्यानं काय केलंय, दुसरी बाजू. पेज थांबवायची की नुसती! मग म्हातारा मरंल! मरू दे की! आणि बायको? तिचं काय? मामा दोन्ही बाजूंकडे आळीपाळीनं बघत राहत. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीनंतर ते मुलांबरोबर हसत. या गोष्टीनंतर नाही. घंटा झाली की सुटका झाल्यासारखे उठत.

त्यांना संतापलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही आवाज न चढवता. नववीतल्या एका मुलानं ड्रिलच्या मास्तरांना उलट उत्तर दिलं होतं. मास्तरांनी त्याला व्हरांड्यात आणलं, हातात वेताची छडी. मुलगा हात मागे घेत होता. मामा पाण्याची कळशी घेऊन चालले होते. मास्तर म्हणाले, "ए कांबळे, धर रे ह्याचे हात."

मामांनी कळशी खाली ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी धरनार न्हाई."

"काय?"

"तुमाला मारायचं तर मारा. माझा इलाज न्हाई. मी हात धरनार न्हाई."

"शिपाई आहेस का कोण आहेस तू?"

"शिपाई हाय. म्हणूनच."

मास्तरांनी मुलाला सोडलं आणि तडक हेडसरांकडे गेले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सगळ्या छड्या गायब होत्या. मधल्या सुट्टीत मामांनी चहा आणला. म्हणाले, "आज च्या वेतावर उकळलाय, बाई."

हेडसर तसे बरे गृहस्थ होते, पण काहीतरी शिक्षा करणं त्यांना भाग होतं. त्यांनी मामांना आठवडाभर जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिला खिडकी नव्हती. हेडसरांना वाटलं, हलकी शिक्षा दिली. मामा आठवडाभर तिथं बसले, पण एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. शनिवारी बाहेर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला होता आणि तोंड आठ दिवस तापात काढल्यासारखं झालं होतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी त्यांच्या वस्तीतले सुबराव शाळेत आले. सुबराव धंद्यानं शिंपी, वस्तीत नवं बुद्धविहार बांधायचं चाललं होतं, त्या समितीचे पुढारी. मामांची सगळी वस्ती बौद्ध, आणि मामाही दर पौर्णिमेला धुतलेले कपडे घालून वंदनेला जात. सुबरावांचा आनंद तोंडावर मावत नव्हता. एक जपानी भिक्खू देशभर फिरत होते, ते रविवारी विहाराची जागा बघायला येणार होते.

"भैरूमामा त्येंचं स्वागत जपानीत करनार," सुबराव आम्हाला म्हणाले. "अख्ख्या कोल्हापुरात दुसरा कोण हाय जपानी बोलणारा? वस्तीची मान कशी ताठ हुईल, सांगा!"

मामा तिथंच उभे होते. "जमणार न्हाई," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर दोन दिवस ते शाळेत आले नाहीत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आले, ते नकाशांच्या खोलीच्या दारात बसले आणि एकच नकाशा पुसत राहिले. सुबरावांनी मला गळ घातली होती, "बाई, तुमचं ऐकत्यात ते." म्हणून मी जाऊन उंबऱ्यावर बसले.

"मामा, लोकांची एवढी इच्छा आहे. चार वाक्यं तर बोलायची."

ते नकाशा पुसत म्हणाले, "साडेतीन वर्सं व्हतो, बाई. समुद्रातलं बेट. तितं कुंपण न्हवतं. लोकांला वाटतंय कैद म्हंजे तारा असत्यात. तारा असत्या तर बरं झालं असतं, तारंच्या पलीकडं कायतरी हाय असं तरी वाटलं असतं. आमच्या चारी बाजूला पानी. जानार कुठं?"

मग त्यांनी तिथल्या एका जपान्याबद्दल सांगितलं. पहारेकऱ्यांतला वरचा माणूस. घरी तो शाळेत शिकवायचा, म्हणून कैदी त्याला मास्तर म्हणत. त्यानं मामांना आपल्या स्वयंपाकाला ठेवलं.

"सकाळी बांबू घ्यायचा आन आमाला फोडायचा. दिस मावळला की माझ्या चुलीपाशी बसायचा आन गोष्ट सांगायचा. थोडं हिंदुस्तानी, थोडं त्येचं, बाकी हातानं खुणा करून. त्येच हात, बाई. एकदा ह्या कानफटात दिली, तवापासनं हा कान गेला. आन त्याच सांजेला गरम मिठाचं फडकं करून त्याच कानावर धरून बसला. आता त्येला मी काय म्हणू? चांगला म्हणू का वंगाळ म्हणू? साडेतीन वर्सं हेच इचारलं सोताला. सुटून आलो तरी इचारतोय."

"पण हा भिक्खू आहे, मामा. हा काही शिपाई नाही."

"मास्तर तरी कुठं शिपाई व्हता?" मामा म्हणाले. मग नकाशा गुंडाळत, "माझ्यात जी जपानी बोली हाय ती त्येनं घातल्याली हाय. मी तोंड उघडलं तर आतनं काय भाईर पडंल, मला ठावं न्हाई."

मला ते नीटसं कळलं नाही. मी आग्रह करत राहिले, आणि ते रविवारी आले.

विहाराच्या जागेवर मांडव घातला होता. भिक्खू साठीच्या आतले, पिवळं चीवर, जाड चष्मा. काही वर्षं भारतात राहिल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलत. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. मी मामांच्या जवळ उभी होते. हिंसा न करण्याचं पहिलं शील चाललं होतं तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्या शीलापासून त्यांनी सगळ्यांबरोबर म्हणायला सुरुवात केली.

मग सुबरावांनी त्यांना पुढे केलं. मामा भिक्खूंसमोर गेले. एकदम ताठ झाले, हात मांड्यांना चिकटले, हनुवटी वर गेली, आणि मांडव दणाणेल अशा आवाजात ते ओरडले, "कियोत्सुके! केइरे! बांगो!" आणि कमरेत वाकून, नजर जमिनीला लावून उभे राहिले. पाठोपाठ स्वतःच मोजू लागले, "इची! नी! सान!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आपला माणूस परक्या भाषेत एवढ्या खणखणीत आवाजात बोलला, याचा अभिमान सगळ्यांच्या तोंडावर होता. मीही टाळ्या वाजवल्या. फक्त भिक्खूंचा चेहरा पांढरा पडला होता. सावधान, सलामी द्या, नंबर बोला. कैद्यांच्या हजेरीचे हुकूम होते ते, हे मला नंतर कळलं. आमच्या टाळ्या चालूच होत्या आणि मामा वाकलेलेच होते. हुकूम मिळाल्याशिवाय त्यांना वर होता येत नव्हतं. शेवटी भिक्खू उठले, जवळ गेले आणि हळू आवाजात दोन शब्द बोलले. तेव्हा मामा सरळ झाले.

कार्यक्रमानंतर ते दोघं बांधकामाच्या विटांवर बसले. मामांनी मला खुणेनं जवळ बसायला सांगितलं. मामांनी त्यांना मास्तरबद्दल आणि त्यानं ऐकवलेली राक्षसाची गोष्ट सांगितली, निम्मी जपानीत, निम्मी आपल्या कोल्हापुरी हिंदीत, आणि विचारलं, "इसका शेवट क्या हाय?"

भिक्खूंनी डोळे मिटून विचार केला. "यह कहानी हमारे यहाँ नहीं है।"

"है. उसने सांगा मेरेकू."

"मैं पहाड़ का आदमी है। दादी से, मंदिर में, बहुत कहानी सुना। यह नहीं है। यह उसने बनाया।" मग ते म्हणाले, "वह बूढ़ा वही है। खुद।"

हाताखालच्या विटेची कड मामा नखानं खरवडत होते. लाल भुगा धोतरावर पडत होता.

"मैं भी सिपाही था," भिक्खू म्हणाले. "चीन में। तीस साल से ऊपर हुआ। मैंने कहानी भी नहीं बनाया। सिर मुँडाया और चुप रहा। उसने तुमको बोला। टेढ़ा बोला, पर बोला।"

"वो राक्षस फिर जाता क्या? कधीतरी?"

"मालूम नहीं," भिक्खू म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मामा माझ्याकडे आले. "बाई, मला नेसरीला जायचंय. तुमी संगती या. न्हाईतर मी पंचवीस वर्सं येतोय तसाच माघारी येईन."

रविवारी सकाळी आम्ही चंदगडच्या एस.टी.त बसलो. ती नेसरीवरून जाते. मामा दाराजवळच्या जागेवर. निपाणी मागे पडल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"बसाप्पा म्हणून व्हता माझ्या संगती. नेसरीचा. लिंगायत. हिकडं त्येच्या दारात कुणी मला उभं केलं नसतं. तितं आमी एका डब्यात खाल्लं. मी सैपाकी. भांड्याच्या बुडाला भात करपून चिकटायचा, तो खरवडून मी त्येला न्यायचो. एक दिस त्येच्या खिशात सापडला. मास्तर म्हणाला, कुणी दिला? बसाप्पा म्हणाला, मी चोरला. माझ्याकडं बगितलंबी न्हाई त्येनं. मास्तरला सगळं ठावं व्हतं. त्येनं मलाच फुडं बोलावलं. म्हणाला, हात धर ह्येचं."

गाडी एका वळणावर कलली. मामांनी समोरचा दांडा धरला.

"धरलं, बाई. ढिलं धरलं असतं तर माझी पाळी आली असती. म्हणून घट्ट धरलं. गरज न्हवती एवढं घट्ट धरलं. आठ दिसांनी बसाप्पा गेला. आन ज्या दिवशी मारलं त्याच सांजेला मास्तर चुलीपाशी आला आन त्येनं ती राक्षसाची गोष्ट सांगिटली. मी भात रांधत रांधत ऐकली."

सुटून आल्यावर मामा नेसरीला गेले होते, बसाप्पाच्या घरी खरं सांगायला. घरात त्याची बहीण होती, गौराक्का. नुकतं लग्न होऊन नवऱ्यासकट माहेरीच राहिलेली. तिनं विचारलं, कशानं गेला? मामांच्या तोंडून निघालं, तापानं. मग तिनं विचारलं, शेवटी जवळ कोण होतं? मामा म्हणाले, मी. तेव्हा तिनं गावाची, भावकीची पर्वा न करता या माणसाला चुलीपाशी नेऊन बसवलं आणि जेवायला वाढलं. बसाप्पाला ती अण्णा म्हणायची, ते ती मामांना म्हणू लागली. तिच्या मुलाच्या लग्नात मामाचा मान तिनं यांना दिला.

"बसाप्पाच्या जागेवर बसलोय मी," भैरूमामा म्हणाले. "दर थंडीला जातोय, आज सांगतो म्हणून. ती ताट वाढती. माझ्याच्यानं उठता येत न्हाई."

गौराक्का अंगणात सुपानं शेंगदाणे पाखडत होती. पन्नाशीची, ठसठशीत, कपाळावर विभूती. आम्हाला बघून उठली. "ये की अण्णा! ह्या कोण पावण्या? आत या, बाई."

मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "आत येत न्हाई, गौरा. हितंच ऐक."

त्यांनी सगळं सांगितलं. भात, खिसा, हात. मास्तर असा होता, तसा होता, असं एकही वाक्य मध्ये घातलं नाही. गौराक्का सूप हातात धरून ऐकत होती. संपलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"कुठं धरलंस?"

मामांनी स्वतःच्या मनगटावर दाखवलं.

तिनं दोन्ही हात पुढे केले. "माझं धर."

"गौरा..."

"धर म्हणते न्हवं."

मामांनी तिची मनगटं धरली.

"असंच धरलं व्हतंस?"

"न्हाई."

"मग कसं ते दाव."

मामांनी आवळलं. त्यांच्या हाताच्या शिरा वर आल्या. तिच्या बांगड्यांतली एक तडकून खाली पडली. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती; रडत नव्हती. रडत मामा होते, आणि हात सोडत नव्हते. मला वाटलं, यांना सोडताच येत नाहीये. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती म्हणाली, "सोड आता."

त्यांनी सोडलं. तिच्या मनगटांवर बोटांचे पांढरे वळ होते. तिनं बांगडीचे तुकडे वेचले, सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं नाही. आम्ही अंगणात उभे राहिलो. आतून भांड्याचा आवाज नाही, काही नाही. गाडीची वेळ होत आली तेव्हा तिचा आवाज आला, "फुडल्या थंडीला येऊ नको, अण्णा."

परतीच्या गाडीत संकेश्वर मागे पडलं. मामा म्हणाले, "बाई, शेवटाला तिनं अण्णा म्हटलं न्हवं?"

"म्हटलं."

"कुणाला म्हटलं असंल?"

त्यानंतर मामा नेसरीला गेले नाहीत. मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर हा माणूस हलका होईल. तसं काही झालं नाही. हिवाळा आला की ते अस्वस्थ होत, सकाळी उगीच एस.टी. स्टँडावरून चक्कर मारून शाळेत येत. पूर्वी त्यांना जायला एक घर तरी होतं. राक्षसाची गोष्ट मुलं मागत, मामा दुसरी सांगत. एक फरक मात्र मी पाहिला. पौर्णिमेच्या वंदनेला मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा ते पाचही शीलं म्हणत होते. पहिलं हळू आवाजात, पण म्हणत होते.

ते निवृत्त झाले. संस्थेनं माझी बदली शाहूवाडीकडच्या शाळेत केली. भेटी थांबल्या.

शेवटचं पाहिलं ते ऐंशीनंतरच्या एका डिसेंबरात, कोल्हापूरच्या स्टँडावर. मी शाहूवाडीच्या गाडीची वाट बघत होते. मामा चंदगडच्या फलाटावर बाकावर बसले होते, धुतलेलं धोतर, मांडीवर पिशवी. खूप थकले होते. मी जवळ जाऊन उजव्या बाजूनं हाक मारली. त्यांनी ओळखलं, आणि काही न बोलता खिशातून एक कार्ड काढून मला दिलं. गौराक्काच्या मुलानं लिहिलेलं. दोनच ओळी होत्या. आई अंथरुणाला खिळली आहे. कांबळेअण्णांना बोलवा म्हणते.

त्यात आडनाव होतं, बसाप्पाचं नव्हे, मामांचं. मी ते दोनदा वाचलं.

"कधी आलं, मामा?"

"परवा. काल हितं येऊन माघारी गेलो. आज सकाळपासनं दोन गाड्या सोडल्या."

"तिनं बोलावलंय की तुम्हाला."

"व्हय. तेच तर." त्यांनी कार्ड घडी करून परत खिशात ठेवलं. "येऊ नको म्हणाली, ते माझ्या अंगवळणी पडलं व्हतं. ह्येचं काय करायचं ते कळंना."

तेवढ्यात चंदगडची गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. मामा उठले, दारापाशी गेले, एक पाय पायरीवर ठेवला, आणि तिथंच थांबले. मागे गर्दी साचली. कोणाची पोती, कोणाची मुलं. मी पुढे होऊन त्यांचा हात धरणार होते, पण धरला नाही. मागून एक बाई ओरडली, "चढा की पावणं! चढायचं न्हाई तर बाजूला तरी व्हा!"

मामांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "चढतो, चढतो," म्हणाले, आणि आत गेले.

गाडी भरली, दार लागलं, कंडक्टरनं घंटी दिली. गर्दीत मामा कुठं बसले ते दिसलं नाही. गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत मी तिथं उभी होते. मागे वळून पाहिलं तर माझ्या फलाटावर कोणीच नव्हतं. शाहूवाडीची गाडी कधीच निघून गेली होती.